शेवंतीचा व्हिसा आणि कंपनीची सही

चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. शारजातल्या रोल्ला भागात आमची खोली, तिच्या बाल्कनीत वाळत घातलेली चादर वाऱ्याने आलेल्या वाळूने भरली होती.

"ओढा की जरा! जेवला नाहीत काय?" माझी बायको शेवंती म्हणाली.

झटकली. सगळी वाळू माझ्या इस्त्रीच्या शर्टावर. ती हसायला लागली. खाली देवधर साहेब हॉर्न मारत होते.

"आज सही मिळाली नाही तर गावाला जायची तयारी कर," मी म्हटलं.

"जाऊ की. तिथलं पाणी तरी गोड आहे."

देवधर साहेब आमचे अकाउंटंट. मी कंपनीचा पीआरओ. शाळा सातवीपर्यंत, पण अरबी बोलता यायचं. लोकांचे व्हिसा काढायचे, रद्द करायचे, इमिग्रेशनच्या काउंटरवर उभं राहायचं, हे माझं काम.

आमची शारजातली कंपनी पूर्णपणे एका अमेरिकन कंपनीच्या मालकीची. इथे धंदा नवा, म्हणून तोटा. मालकाचं म्हणणं, हा तोटा तिकडच्या नफ्यातून वजा होऊन टॅक्स वाचू दे, नाहीतर ऑफिस बंद करतो. ऑफिस बंद म्हणजे माझा व्हिसा गेला, माझ्यावरचा शेवंतीचाही गेला. उपाय एकच. तिकडच्या टॅक्स खात्याला कळवायचं, की ही कंपनी वेगळी धरू नका. त्याला इलेक्शन म्हणतात. मतदान नाही, निवड. मुदत संपत आली होती.

"वेगळी धरू नका म्हणजे काय हो साहेब?" मी गाडीत विचारलं.

"तुझ्या बायकोचा व्हिसा तुझ्यावर आहे ना? ती घरात आहे, राबते, तुला बोलते. पण कागदात तुझ्याखाली. तसंच."

सही मॅनेजरची हवी होती. तो लेबनॉनचा, नाव जॉर्ज. पाठ धरली म्हणून अबूधाबीला, खलिफा सिटीतल्या घरी पडून होता. पेन हातात घेऊन थांबला.

"म्हणजे माझी कंपनी नाहीच? मग मी कशाचा मॅनेजर?"

"बोर्ड तोच, लायसन्स तेच, खुर्ची तीच," देवधर साहेब म्हणाले. "फक्त अमेरिकेच्या टॅक्ससाठी ही मालकाची ब्रांच."

"आज कंपनी नको, उद्या मॅनेजर नको!"

मला राहवलं नाही. "यल्ला हबीबी, सही कर. ऑफिसच बंद झालं तर खुर्ची कुठे टाकणार?"

तो हसला, कण्हला आणि त्याने सही केली.

परतताना मोबाईल वाजला. आमच्याच फ्लॅटमधल्या दुसऱ्या खोलीतल्या फातिमाबी होत्या.

"भाईजान, भाभी गिर गयी. हॉस्पिटल ले जा रहे हैं. जल्दी आओ."

शारजाच्या वेशीवर, अल नहदाला ट्रॅफिक तुंबलेला.  देवधर साहेबांनी हॉस्पिटलच्या दारात मला उतरवलं आणि ते सही केलेल्या कागदाचं पाकीट कुरिअरला द्यायला गेले. मी वर पोचलो तेव्हा सगळं खलास झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

पाकीट मुदतीत पोचलं. इलेक्शन मंजूर झालं, ऑफिस टिकलं, जॉर्जची खुर्चीही टिकली. मी रिटायर होईपर्यंत तिथेच नोकरी केली. एवढंच कळलं, की कंपनी कागदातून पुसली तरी दुसऱ्या दिवशी शटर वर जातं. माणसाचं तसं नाही.

मयत गावाला न्यायची तर आधी व्हिसा रद्द करावा लागतो. देवधर साहेब म्हणाले, "तू नको जाऊस. मी कुणाला तरी पाठवतो."

कुणाला पाठवणार? ते काम करणारा माणूस मीच.

सकाळी मी तोच शर्ट घालून गेलो. शिवणीत वाळू होती. काउंटरवरचा अरब मला रोजचा ओळखणारा. शेवंतीचा पासपोर्ट पुढे सरकवला.

"कंपनीका आदमी?" त्याने विचारलं.

"नहीं. घरवाली."

त्याने फोटो पाहिला, मग माझ्याकडे. एरवी तो शिक्का धाडकन मारायचा. त्या दिवशी हळूच टेकवला.

मी आभाराचं शुक्रान म्हटलं, रोजच्यासारखं.