बाबांची फुंकर

थंडीत दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या घराची खिडकी उघडली की धुरकट वास आत येतो आणि मला बाबांचा श्वासाचा व्यायाम आठवतो. त्यांची फुप्फुसं अधू झाली होती, जरा चाललं तरी छाती धडधडायची. नाडीचा वेग आवरला तरच त्यांनी माझ्या पदवीदानाला जावं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि ती आमच्या घरातली पहिली पदवी. फिजिओथेरपीच्या मॅडमनी त्यांच्या बोटाला नाडी मोजणारा चिमटा लावला, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला सांगितला. बाबांना वाटलं, परीक्षाच आहे. ते छाती फुगवून जोरजोरात फुंकू लागले, तसा नाडीचा आकडा चढला. "अंकल, रेस नहीं है," मॅडम हसल्या. आई म्हणाली, "अहो, नापास नाही करत कोणी तुम्हाला!" मी म्हटलं, "बाबा, बशीतल्या चहावर घालता तशी फुंकर घाला, चहा सांडू न देता." त्यांनी डोळे मिटून लांब, हलकी फुंकर घातली, घालत राहिले, आणि आकडा हळूहळू उतरला. समारंभाच्या दिवशी मी त्यांना आणायला बाहेर आले, तर ते सभागृहाच्या जिन्यात थांबून तसाच श्वास सोडत होते. "तुझं नाव पुकारतील गं," ते म्हणाले. "वेळ आहे, सावकाश या," मी म्हटलं. नाव त्याआधीच पुकारून झालं होतं; मी त्यांना ते अजून सांगितलेलं नाही.