न खेळलेला डाव

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी पिरंगुटच्या एका लहान कारखान्यात कामाला होते. तिथे पटावरचे खेळ बनत. मालक चित्रकलेचे निवृत्त शिक्षक; आम्ही त्यांना सर म्हणायचो. खेळ ते रचायचे, पट मी रंगवायचे आणि खोकी चिकटवायला डोंगरातल्या वाडीवरून एक मावशी यायच्या.

सरांचा एक नियम होता. नवा खेळ आधी जेवणानंतर सगळ्यांनी खेळायचा. मावशी तोंडावर सांगायच्या, "सर, ह्यात मजा न्हाई. कोण जिंकणार ते आधीच कळतंया." सर पट उचलायचे, दिवसभर घुश्श्यात असायचे आणि मग खेळ बदलून आणायचे.

सरांना दम लागू लागला, मुलांना कारखान्यात रस नव्हता. तेव्हा मुंबईच्या एका खेळण्यांच्या कंपनीने तो विकत घेतला. सर सल्लागार म्हणून राहिले. कंपनीने नेमलेले नवे साहेब सभ्य होते. बायकांसाठी संडास त्यांनीच बांधला. पण जेवणानंतरचा डाव त्यांनी बंद केला. "कामाच्या जागी खेळत काय बसता? कुठला खेळ काढायचा, ते मुंबईत ठरेल."

तेव्हा आमचा होडीचा खेळ तयार होता. धरणाच्या पाण्यातून सगळ्यांनी मिळून एकच होडी पैलतीरी न्यायची. एक जण काठावर मागे राहिला तरी सगळे हरले. आख्खा पावसाळा खेळून आम्ही तो जमवला होता. मुंबईहून निरोप आला, जिंकणारा एकच हवा. प्रत्येकाला वेगळी होडी द्या, दुसऱ्याची बुडवता आली पाहिजे.

सर भांडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पट उचलून माझ्यापुढे ठेवला.

"सर, तुम्ही सांगा ना त्यांना."

"विकलंय मी, पोरी. आता काय सांगू? तू रंगव."

मी रंगवला. बुडणाऱ्या होड्या फार सुरेख उतरल्या, साहेबांनी कौतुक केलं. मला मान वर करवेना.

मावशींनी पट हातात घेऊन साहेबांना विचारलं, "आमी खेळलोच न्हाई ह्यो. कसा हाय, कुणाला ठावं?"

"खपेल, मावशी," साहेब म्हणाले.

आणि तो खपला. चिकटवायला नव्या बायका आल्या, जेवणाच्या पाळ्या लागल्या. मावशींची पाळी वेगळी, माझी वेगळी. दिवाळीनंतर सर यायचे थांबले. आम्ही दोघी घरी भेटायला गेलो, तर त्यांनी वाडीवरच्या भाताची चौकशी केली, माझ्या लग्नाचं विचारलं. कारखान्याचं नाव काढलं नाही. आम्हीही काढलं नाही.

मी पुढे बरीच वर्षं तिथेच होते. मुंबईहून खेळ येत, मी साप, राजवाडे, घोडे रंगवत असे. सोबत नियमांचा कागद यायचा. हळूहळू तो वाचायचं मी सोडून दिलं.