व्याह्यांचा खार

कुंभारांचा उस्ताद इबोदुल्ला उस्तो माणूस देवगुणी, पण कुणावर खार खाऊन बसण्यात अख्ख्या रिश्तान गावात त्याचा हात धरणारा नव्हता. आणि राखेतल्या खऱ्या खाराची चवही त्याच्याइतकी कुठल्या कुंभाराला कळत नव्हती. निळी झिलई ज्या राखेतून निघते ती राख तो नुसती बघून कधी घ्यायचाच नाही. ओल्या बोटाने चिमूटभर जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "ही पावसात भिजलीय. ने घरी, बायकोला भांडी घासायला दे."

राख असायची वैराणातल्या खारट झुडपांची. मेंढपाळ ती जाळून पोत्याने आणून देत. तिच्यात पांढऱ्या गारगोट्यांची पूड घालायची, भट्टीत वितळवायची, पुन्हा दळून भांड्यांना द्यायची. राख आणि पूड सम-सम, हे बापाने दिलेलं माप. पण त्या साली वैराणावर नांगर फिरला, कापूस पेरला गेला आणि मेंढपाळ हात हलवत आले.

घरात तर परातीएवढी चाळीस ताटं रंगवून तयार होती. लेक मोहलारने हिवाळाभर बसून त्यांवर मासे, डाळिंबं, बदाम काढले होते, आणि एकावरची नक्षी दुसऱ्यावर नव्हती. वसंतात तिचं लग्न. लग्नाच्या सकाळचा पुलाव याच ताटांत वाढायचा, असं बापलेकीचं ठरलेलं. माहेरी बसून केलेलं तिचं हे शेवटचं काम. झिलई मिळाली नाही तर सगळं मातीमोल, आणि पुलाव कारखान्याच्या बशांत.

उस्तोने करून बघायचं काही ठेवलं नाही. कपडे धुण्याचा सोडा घातला, तर झिलईला कांजिण्या आल्या. कपाशीच्या काड्यांची राख घातली, तर वाडगा शिळ्या पालकाच्या रंगाचा निघाला.

"अहो, हा वाडगा झाकून ठेवा," बायको शरोफत म्हणाली. "शेजारीण विचारेल, काय शिजवलं होतं?"

"तू गप्प बस गं!"

"बसते. पण लग्नाची तारीख ठरवायला उद्या मुलाकडे जायचंय. तिथे तोंड सरळ ठेवा."

दुखणं तिथेच होतं. मुलाचा बाप इस्मार हा कारासूकडून आलेला दुंगान, म्हणजे चिनी वंशाचा मुसलमान, बाजारात हाताने ओढलेल्या शेवयांची त्याची खानावळ. बारा वर्षांपूर्वी त्याने उस्तोचे दोन डझन निळे वाडगे परत केले होते. वर म्हणाला होता, "उस्तो, शेवयांवर सिरका टाकला की तुमच्या निळ्याचं तोंड पांढरं पडतं." होतं खरं, म्हणूनच झोंबलं. त्या दिवसापासून उस्तो त्या गल्लीने जाईना. आता मुलीचं मनच तिथे बसलं, त्याला बाप काय करणार? साखरपुडा पक्का करायची भाकरी मोडली ती निदान स्वतःच्या घरी. तारखेसाठी मात्र इस्मारच्या दस्तरखानावर जेवायला बसणं आलं.

इस्मारने स्वतः शेवया ओढल्या. वाडगा पुढे आला. उस्तोने एक घास घेतला आणि तो थांबलाच. डोळे मिटले. जीभ टाळूला लावून तसाच बसून राहिला.

"झालं," शरोफत पुटपुटली, "आता उठून जाणार."

तो उठलाच. पण दाराकडे न जाता थेट स्वयंपाकघरात शिरला. ओट्यावर पिवळसर पाण्याचं भांडं होतं, त्यात इस्मार कणीक भिजवताना हात बुडवी. उस्तोने त्यात बोट घातलं आणि चाटलं. मग आणखी एकदा चाटलं.

"व्याही, भूक लागली असेल तर शेवया आहेत की!" मागून आलेला इस्मार म्हणाला.

"हे काय आहे?"

"झुडपाची राख. चू नदीकडच्या वैराणातून बहीण पाठवते. त्याशिवाय शेवई ओढली जात नाही, तुटते."

"कुठलं झुडूप?"

"बुटकं, जाड पानांचं. उंटसुद्धा तोंड वाकडं करतो."

उस्तो खाली बसला. बारा वर्षं ज्याच्यावर खार खाल्ला, त्याच्याच घरात खार! मागायचा कोणत्या तोंडाने? कढईकडे बघत तो एका दमात बोलून गेला, "माझ्याकडे राख संपलीय. पोरीची ताटं अडलीत."

इस्मारने कोपऱ्यातलं राखेचं पोतं ओढत आणून त्याच्यापुढे ठेवलं.

"आणि तुमच्या शेवया?"

"नवीन राख शरदात येईल. तोवर तुटक्या खातील लोक. दात सगळ्यांना आहेत. एवढं मात्र ऐका, हा खार कडक आहे. मी नेहमीपेक्षा निम्मा घालतो."

आता कुंभाराने आचाऱ्याचं ऐकायचं? उस्तोने पहिलं ताट बापाच्याच मापाने, सम-सम झिलईत बुडवलं. भट्टी उघडली तेव्हा झिलई उतू गेलेल्या दुधासारखी वाहून गेली होती, आणि ताट खालच्या विटेला चिकटलं होतं, ते काढताना फुटलं. ते मोहलारच्या सर्वांत देखण्या माशाचं ताट होतं. तिने तुकडे उचलले आणि ते जुळवून बघितले. तेच त्याला जास्त लागलं. त्याने गारगोट्यांची पूड दुप्पट केली आणि उरलेली एकोणचाळीस ताटं भट्टीत चढवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने भट्टीचं तोंड फोडलं. ताटं धड होती, काचेसारखी चमकत होती. पण निळा तो नव्हता. बापाचा निळा गडद, हा उजळ, थोडा हिरव्याकडे झुकलेला.

मोहलारने एक ताट उन्हात धरलं. "बाबा," ती म्हणाली, "माझे मासे पाण्यात आले!"

मग त्यानेही नीट पाहिलं. मासे खरंच पाण्यात होते. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

लग्नाच्या सकाळी पुलाव वाढला गेला. मोहल्ल्यातल्या सर्वांत वृद्ध आजोबांनी ताटाच्या काठावरचा भात बोटाने बाजूला केला आणि मोठ्याने म्हणाले, "इबोदुल्ला, हा तुझ्या बापाचा निळा नाही रे."

इस्मार झारा हातात धरून उभाच राहिला.

"नाही आजोबा," उस्तो म्हणाला. "हा माझ्या व्याह्यांचा."

"मग खरवडून परत द्या!" इस्मार ओरडला. "तुटक्या शेवयांवरून गिऱ्हाइकं माझी टोपी उडवतायत!" सगळा मांडव हसला. हसता हसता इस्मार डोळे पुसत होता.

शरद येईपर्यंत त्या खानावळीत शेवया तुटक्याच मिळाल्या. बाजारभर कुरकुर चालली होती. एक माणूस मात्र रोज दुपारी येऊन दोन वाडगे संपवायचा.

"कशा झाल्यात, व्याही?" इस्मार विचारायचा.

"तुटक्या," उस्तो म्हणायचा. "आणखी वाढा."