सागवानी भिंत

माझा सख्खा भाऊ आहे म्हणून मी गप्प बसेन, असं कुणी समजू नये. दादाच्या बैठकीच्या खोलीत जी सागवानी भिंत आहे, तिच्यात नखभरही सागवान नाही. खाली चुन्याचा गिलावा आहे आणि वर माझ्या वहिनीचा हात.

वहिनी रंगाऱ्याची मुलगी. तिचे वडील साध्या लाकडाची कपाटं रंगवून सागवानी करून द्यायचे. ती त्यांच्या शेजारी बसून शिकली. आधी पिवळसर रंग, तो वाळला की वर पातळ तपकिरी, आणि तो ओला असतानाच त्यातून दात मोडलेला कंगवा ओढायचा. हात मधेच जरा हलवायचा, कारण झाडात सरळ रेघ नसते. गाठी ती अंगठ्यानं उमटवते. लग्न झालं आणि दादानं हे सगळं बंद केलं. "आपल्या घरात शोभत नाही," म्हणे!

मग दादाच्या साहेबांनी घरात भिंतभर लाकूड बसवून घेतलं आणि आमच्या दादाला चैन पडेना. खरं लाकूड आवाक्याबाहेरचं. तेव्हा बरी बायको आठवली! वहिनीला मात्र तहानभूक राहिली नाही. तिनं भिंतीवर पातळ पट्ट्या ठोकून चौकटी पाडल्या आणि एकेक चौकट रंगवायला घेतली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "वन्सं, डबा धरा, पण बोलू नका. रंग सुकला की रेघ तुटते." तिला इतकं खुशीत मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

आणि दादा? येईल त्याला सांगत सुटला, "अस्सल सागवान. खास सुतार आणला होता." वहिनी चहा देता देता ऐकून घ्यायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"अरे, तिनं केलंय म्हणून सांगायला तुझी जीभ झडते का?" मी एकदा विचारलंच.

"तू मधे पडू नकोस. लोक म्हणतील, बायकोला रंगकामाला जुंपली."

वहिनी मलाच समजवायला लागली, "जाऊ द्या हो वन्सं. बघणाऱ्याला ते खरं वाटतंय, त्यात माझं सगळं आलं." मला तिचाही राग आला.

एका रविवारी साहेब आणि त्यांच्या बाई चहाला आले. दादाचे पाय जमिनीवर नव्हते. साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला, "वा! काय रेषा आहेत!" त्यांना बसवायच्या घाईत दादानं लोखंडी खुर्ची ओढली आणि तिची पाठ भिंतीला खरवडत गेली. हातभर ओरखडा. पांढरी भुकटी खाली सांडली.

"अहो, हे लाकूड नाही!" साहेब म्हणाले.

अजूनही खरं सांगता आलं असतं. माझ्या भावानं कपाळावर हात मारला. "फसवलं हो मला त्या सुतारानं! चोर निघाला. बनावट माल गळ्यात मारून गेला. हात तोडले पाहिजेत असल्यांचे!"

वहिनी ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला.

"तो चोर मीच," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ही भिंत मी रंगवली. माझ्या वडिलांनी शिकवलंय मला. आणि हात तोडायचे असतील तर हे घ्या."

पाहुण्यांनी चहा कसाबसा घशाखाली उतरवला आणि ते गेले. दादा आधी घर डोक्यावर घेऊन ओरडला, मग काकुळतीला आला, "निदान तेवढा ओरखडा तरी बुजव." दोन मिनिटांचं काम आहे. तपकिरी रंग डब्यात अजून ओला आहे. ती बुजवत नाही. दादानं त्यावर कॅलेंडर टांगलं, ते तिनं काढून स्वयंपाकघरात लावलं.

आता येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो, हे पांढरं काय? "गिलावा आहे," वहिनी सांगते, "वरचं लाकूड मी रंगवलंय." दादा तेव्हा आतल्या खोलीत जाऊन बसतो.