ड्यूकपद दुमडलं, निलंबित तेवढं उरलं

सकाळी मशीनवर फ्लेक्सचा नवा रोल चढवत होतो, तेव्हा वानखेडे साहेबांचा फोन आला.

"विलास, मी सस्पेंड कवा झालो रे?"

मला वाटलं, चेष्टा करून राहिले. मग आठवलं, साहेब चेष्टा करत नाहीत.

"काय झालं साहेब?"

"तेच तुले इचारतो. चौकात माझा फोटो लावला तू. लोकं घरी फोन करून राहिले."

मी भिलाईत सुपेला भागातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर आहे. नववीत शाळा सुटली अन् बुलढाण्याकडून इतक्या लांब आलो. इथे ओळखीचं कोणी नव्हतं. वानखेडे साहेबांनी शब्द टाकला, म्हणून दुकानमालक साहू सेठने मला कॉम्प्युटरसमोर बसू दिलं. नाहीतर बांबू बांधायचं काम होतं माझ्या नशिबी. त्यामुळे साहेबांचा फोन आला की अजूनही मी उभा राहून बोलतो.

साहेब इथल्या स्टील प्लांटमध्ये सिनियर मॅनेजर. त्यांचे वडील, आबा, त्याच प्लांटात खलाशी, म्हणजे हाताखालचे मजूर होते. साहेबांना इतिहास वाचायचा नाद. त्या रविवारी बुद्ध विहाराच्या हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान होतं अन् विषय होता 'निलंबित ड्यूकपदाचा इतिहास'. मजकुराचा अर्थ कळल्याशिवाय कोणता शब्द मोठा घ्यायचा हे मला कळत नाही. म्हणून ऑर्डर देताना साहेबांनी विषय समजावला होता.

इंग्लंडच्या राणीचा एक नातू. त्याच्याकडे ऑल्बनीचं ड्यूकपद होतं, म्हणजे सरदारकीतली सगळ्यात वरची पायरी. पोरवयातच त्याला जर्मनीत पाठवलं, कारण तिथल्या एका संस्थानाची गादी त्याच्या वाट्याला आली होती. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं. हा जर्मनीच्या बाजूने राहिला. इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला अन् शत्रूला मिळालेल्यांची पदं काढून घेतली.

"म्हणजे बडतर्फ?" मी विचारलं होतं.

"नाही. बडतर्फ म्हणजे खेळ खलास. हे सस्पेंड. पद जागेवरच आहे, खुर्चीत कोणी नाही. वारसानं राजाकडे अर्ज करायचा. पटलं तं बहाल, म्हणजे पद वापस."

प्लांटच्या गावात राहणाऱ्याला एवढं पुरतं. सस्पेंड अन् बहाल हे दोन शब्द इथे लहान पोरांनाही येतात.

मी डिझाइन आडवं केलं. डावीकडे साहेबांचा फोटो, खाली नाव अन् हुद्दा. फोटोला लागून एका ओळीत मोठ्या अक्षरांत विषय. वार, वेळ अन् विहाराचा पत्ता उजवीकडच्या टोकाला. साहेबांनी पाहिलं, सेठने पाहिलं, सगळ्यांना आवडलं.

फोन ठेवून मी सायकल काढली. चौकात पोचलो अन् वर पाहिलं.

फ्लेक्स लाकडी फ्रेमवर ताणून ठोकतात. फ्रेम लहान निघाली तर जास्तीचा भाग मागे दुमडतात. आमच्या दुकानाचे फ्लेक्स ठोकणाऱ्या धन्नूने कोचिंग क्लासची जुनी फ्रेम वापरली होती. ती रुंदीला कमी पडली, तेव्हा त्याने उजवी बाजू मागे दुमडून खिळे ठोकले. ड्यूकपद मागे गेलं. इतिहास मागे गेला. वार, वेळ, पत्ता, सगळं मागे. समोर राहिलं एवढंच: साहेबांचा हसरा फोटो, नाव, सिनियर मॅनेजर, अन् शेजारी हातभर अक्षरांत 'निलंबित'.

हा शब्द हिंदीत अन् मराठीत एकच. त्यामुळे चौकातल्या कोणाचीच सुटका झाली नाही. ऑटोवाले थांबून वाचत होते.

"देखो, अब तो बोर्ड लगाके सस्पेंड करते हैं," एक जण म्हणाला.

दुसरा म्हणाला, "कुछ तो किया होगा."

मी धन्नूला फोन लावला. तो म्हणाला, "भैया, फोटो-नाम तो पूरा आ गया ना?"

मी खिळे उपटत होतो, तेवढ्यात साहेब स्कूटरवर आले. त्यांनी फ्लेक्सकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, नोकरी गेली. पण ते काही बोलायच्या आत घरून वहिनींचा फोन आला. आबा घरात नव्हते. कोणीतरी त्यांना चहाच्या टपरीवर साहेब सस्पेंड झाल्याचं सांगितलं होतं. ते घरी आले, इस्त्रीचा शर्ट घातला अन् कोणाशी न बोलता निघून गेले.

"बस मागं," साहेब मला म्हणाले. कुठे जायचं ते त्यांना बरोबर माहीत होतं.

साहेबांचे वरिष्ठ असलेल्या जीएम साहेबांच्या बंगल्याच्या फाटकात आबा उभे होते. चपला बाहेर काढलेल्या. हात जोडलेले. जीएम साहेब गाडीत बसता बसता थांबले होते.

"साहब, बच्चा है," आबा म्हणत होते. "गलती हो गई होगी. माफ कर दो."

साहेबांचं वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं.

जीएम साहेब गोंधळून म्हणाले, "बाबूजी, किसने कहा सस्पेंड हुआ है? वानखेडे, यह क्या मामला है?"

मी पुढे होऊन फ्लेक्सचं सांगितलं. फ्रेम, घडी, ड्यूक. माझी हिंदी अडखळत होती. जीएम साहेबांना हसू आलं, त्यांनी ते दाबलं. आबांना म्हणाले, "आपका लड़का मेरा सबसे अच्छा अफसर है," अन् निघून गेले.

साहेबांनी आबांच्या चपला उचलून त्यांच्या पायापुढे ठेवल्या.

"आबा, मी काय केलं म्हणून सांगितलं तुमी त्याईले?"

"मले का मालूम तू काय केलं."

"मंग माफी कायची मागून राहिले होते?"

"इचारत बसलो असतो तं साहेब ड्यूटीले निघून गेले असते."

साहेबांनी आबांना स्कूटरवर बसवलं, मी पायी निघालो. ऑटोवाल्यांनी विश्वास ठेवला, ठीक आहे. पण घरच्या माणसालाही कारण लागलं नाही. आयुष्यभर साहेब लोकांपुढे उभं राहिलेल्या माणसाला खरं-खोटं नंतर, आधी हात जोडायचे, एवढंच ठाऊक होतं.

आम्ही दुसरी फ्रेम बनवून फ्लेक्स पूर्ण लावला. रविवारी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. निम्मे लोक सस्पेंड झालेला माणूस पाहायला आले होते. साहेबांनी ड्यूकची गोष्ट शांतपणे सांगितली. शेवटी म्हणाले, "अर्जाची सोय कायद्यातच आहे. शंभराहून जास्त वर्षं झाली. त्याच्या वारसांपैकी कोणी अर्ज केल्याचं माझ्या वाचनात नाही. ते पद अजून निलंबितच आहे." मग आबांकडे पाहून म्हणाले, "माझा अर्ज तं मला कळायच्या आधीच जाऊन पोचला होता."

लोक हसले. पहिल्या रांगेत बसलेले आबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या ड्यूकले बाप नव्हता का?"

"नाही आबा. तो जन्माला यायच्या आधीच गेला होता."

"मंग बरोबर आहे," आबा म्हणाले.

सेठ मला रागावला नाही. एवढंच म्हणाला, "आगे से आधा पढ़के देखना." तेव्हापासून प्रिंटला देण्याआधी मी डिझाइनचा कागद उजवीकडून दुमडतो, मग खालून दुमडतो, अन् उरलेलं वाचतो. फोटो असला की दोनदा. खुलासा मात्र दुमडलेल्या भागासारखाच असतो, तो कोणी वाचत नाही. सेक्टरमध्ये, म्हणजे प्लांटच्या वसाहतीत, अजूनही कोणीतरी साहेबांना अडवतं, "बहाल हो गए ना, सर?"

साहेब "हो गया" म्हणतात अन् स्कूटर सुरू करतात.