लंघनातली गोळी

आमच्या घरी ताप आला की लंघन करतात. ताप उतरेपर्यंत मुगाचं पाणी, बाकी काही नाही. कोरोनात नवऱ्याला ताप चढला तेव्हा मोठ्या नणंदबाईंनी इतवारीतून फोनवर हाच हुकूम सोडला. त्यांचा शब्द या घरात कोणी मोडत नसे.

मुगाचं पाणी मी दिलं. पण काही दिवसांनी औषधांचा डबा आवरताना दिसलं, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पट्टी होती तशीच. हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून हे ती गोळी रोज रात्री जेवण झालं की घेतात.

"अजी, गोळी काहून नाही घेतली?"

"जेवलोच नाही त गोळी कशाची? जेवणानंतरची आहे ते."

"मंग ताप उतरेपर्यंत बंद?"

"लंघनात पोटात काही टाकत नसते वं. एवढंही नाही समजत तुले?"

मी चौथी शिकलेली, पण हे काही पटलं नाही. डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून खाटेवर ठेवला. मी माझ्या मनाचं सांगते असं नंतर म्हणायला नको.

डॉक्टर म्हणाले, "आजी, या आजारात रक्त गोठतं. पायात गाठ होते, ती फुफ्फुसात जाऊन अडकू शकते. आजोबांची गोळी रक्तातली चरबी कमी करते. या आजारातल्या गाठी ती रोखते का, यावर आमचं अजून एकमत नाही. पण हृदयाच्या पेशंटनं ती आपल्या मनानं बंद करायची नाही. उपाशीपोटीही चालते. आणि एखादी पोटरी सुजली किंवा दम लागला, तर लगेच घेऊन या."

यांनी तोंड वाकडं करून गोळी गिळली. संध्याकाळी नणंदबाईंचा फोन.

"लंघन मोडलं म्हणे?"

"गोळी देली बाई. वरण-पोळी नाही देली."

"लय शायनी झाली तू!"

"झाली."

त्यानंतर रोज सकाळी मी यांच्या दोन्ही पोटऱ्या पाहायची. एका सकाळी डावी सुजलेली, गरम लागली. "पाय अवघडला असन," हे म्हणाले. मी ऐकलं नाही, ऑटो बोलावला. दवाखान्यात तपासलं तर गाठच होती. फुफ्फुसापर्यंत गेली नव्हती. रक्त पातळ करायच्या सुया पोटात टोचल्या.

सुट्टी झाली तेव्हा मी विचारलं, गोळी बंद राहिली म्हणून गाठ झाली काय? डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येणार नाही, नुसत्या आजारानंही होते. मला ते उत्तर आवडलं. उगाच कोणाच्या माथी मारलं नाही.

पुढे नणंदबाई भेटायला आल्या. "लंघनानंच वाचला गा तू," भावाला म्हणाल्या.

यांनी सदरा वर करून पोटावरचे सुयांचे काळेनिळे डाग दाखवले. नणंदबाईंनी चष्मा लावून ते पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मायी बीपीची गोळी बी जेवणानंतरची आहे. उपासाले मी घेतच नाही ते. लाव वं त्या डॉक्टरले फोन."