त्या दिवाळीचं लेह्य

मरुंदुकाकी माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसे, आधी हात पाही. दारात कुणी आलं की ‘ये, बैस’ म्हणायच्या आधी ती म्हणे, ‘हात दाखव.’ भविष्य सांगायला नव्हे. नखांचा रंग, बोटांची सूज, तळव्याचा घाम एवढं पाहून ती ठरवी, या माणसाला सुंठ हवी आहे की नुसती झोप. ‘तोंडाला शिकवलेलं असतं रे, हातांना कुणी शिकवत नाही,’ असं ती म्हणे.

मरुंदु म्हणजे तमिळमध्ये औषध. कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत दहा-बारा तंजावरी मराठी घरं होती. घरात आमची पोथीतल्यासारखी जुनी मराठी, आणि उंबरा ओलांडला की तमिळ. त्यामुळे अर्धं नाव तिकडचं आणि अर्धं इकडचं असलं तरी कुणाला त्यात गंमत वाटत नसे. तिच्या सासऱ्यांचे वडील तंजावरच्या दरबारात औषधं करणाऱ्यांपैकी होते. इंग्रजांनी राज्य खालसा केलं तेव्हा त्या घराचं सगळंच गेलं. ‘राज्य गेलं, नेमणूक गेली, उरळी राहिली,’ असं ती सांगे आणि फळीवरच्या त्या रुंद तोंडाच्या काशाच्या भांड्याकडे हात करी. ऐन तारुण्यात विधवा झालेली ती बाई गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत राहून त्या उरळीवर पोट भरत होती. बाळंतिणींची औषधं, मुलांची गुटी, आणि वर्षातून एकदा दिवाळीचं लेह्य. आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं की फराळाच्या आधी लेह्याची एक गोळी खायची असते, आल्याची, ओव्याची, गुळाची, तुपात आटवलेली. गल्लीतल्या सगळ्या घरांत ती मरुंदुकाकीचीच असे. तिची गोळी पोटात गेल्याशिवाय मुलांना चकलीला हात लावायची परवानगी नसे.

मी चौदा वर्षांचा होईपर्यंत नखं खात होतो. साधी खात नव्हतो, मुळापर्यंत खात होतो, कडेची कातडीही सोलून काढी. त्याचं आमच्या घरात जे व्हायचं ते इतर कुठे होत असेल असं वाटत नाही. बोट तोंडात गेलं की हात उष्टा. उष्ट्या हातानं देवाला शिवायचं नाही, पाण्याच्या घागरीला शिवायचं नाही, स्वयंपाकघराच्या आत पाऊल टाकायचं नाही. मुंज झालेला मुलगा मी, पण आई मला बाहेरच्या ओट्यावर ताट वाढून देई. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, मुन्सफाच्या कचेरीत कारकून होते आणि घरातही कचेरीसारखेच बोलत. ‘संध्येच्या पाण्यात याची थुंकी. पितरांना हे पोचणार कसं?’ एवढंच ते म्हणत, पण रोज म्हणत.

शेवटी आईनं मला मरुंदुकाकीपुढे उभं केलं. काकीनं माझी दहाही बोटं उलटीपालटी करून पाहिली.

‘याचं दूध तोडताना तू काय लावलं होतंस गं?’ तिनं आईला विचारलं.

आई लाजली. ‘काळा बोळ.’

‘मग तोच लाव. हा अजून पितोच आहे.’

कोरफडीचा तो काळा, कडूजहर, जास्त पोटात गेला तर जुलाब करणारा बोळ पाण्यात उगाळून रोज सकाळी माझ्या नखांना लागू लागला. पहिल्या दिवशी मला कोरडी ओकारी आली. आठव्या दिवशी मला त्याची चव आवडू लागली. हे कळल्यावर काकी पदर तोंडाला लावून हसली. ‘शेरी, कण्णा. बरं बाळा, कडूची सवय होते, तर कामाचीही होईल. बोळ आठवणीपुरता राहू दे. तू संध्याकाळी माझ्याकडे येत जा.’

तिच्याकडे काम काय, तर आलं सोलायचं. सुरीनं नव्हे, अंगठ्याच्या नखानं. सुरीनं सालीबरोबर आल्याचा गरही जातो, आणि साल जितकी पातळ निघेल तितका रस कसदार, असा तिचा दंडक. मला नखच नव्हतं. मी बोटाच्या टोकानं खरवडायला गेलो आणि आल्याचा रस उघड्या मांसात असा झोंबला की डोळ्यांतून पाणी आलं. काकीनं भांडं पुढे सरकवलं, हात धू म्हणाली, आणि वर म्हणाली, ‘आलं खोटं बोलत नाही. जिथं फाटलंय तिथंच झोंबतं. धड बोटाला ते काही करत नाही.’

ती रागावली असती तर मी दुसऱ्या दिवशी गेलो नसतो. पण ती तर रोज माझ्यासाठी आल्याचं एक कुडं, बोटभर तुकडा, वेगळं काढून ठेवी, पहिल्यांदा हात पाही, आणि ‘उद्या’ म्हणून ते परत टोपलीत टाकी. मी शेजारी बसून ओवा निवडी. तिनं मला एक वचन दिलं होतं. ज्या दिवशी अंगठ्याच्या नखानं आल्याची साल निघेल, त्या दिवशी मला हात धुऊन तिच्या चुलीपाशी बसायला मिळणार, आणि त्या वर्षीच्या लेह्याचं पहिलं बोट माझं. माझ्या स्वतःच्या घरात मला चुलीपाशी जाता येत नव्हतं, म्हणून हे वचन मला फार मोठं वाटलं.

एकादशीवरून तिचा एक ठरलेला विनोद होता. आमच्या घरी एकादशीला पाण्याखेरीज काही नसे. ‘नख पोटात गेलं की एकादशी मोडली बरं,’ ती म्हणे. ‘वर्षातले चोवीस दिवस तर तू आयतेच सुटलास. उरलेल्यांचं आपण बघू.’ खरोखर एकादशीला मी नखं खात नसे, कारण उपास मोडण्याची भीती आम्हाला बोळापेक्षा कडू होती. माझ्या चुलतभावानं एका एकादशीला चोरून भात खाल्ला, तर अण्णांनी त्याला वर्षभर पंगतीला बसू दिलं नव्हतं.

दोन महिने गेले. अश्विनातल्या वद्य दशमीला काकीनं माझा अंगठा दिव्याकडे धरला आणि आल्याचं कुडं माझ्या हातात दिलं. साल निघाली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. बोटाला काही झालं नाही. मी टोपलीभर आलं सोललं. फळीवरून उरळी खाली आली, रस आटला, गूळ पडला, तूप कडेला सुटेपर्यंत मी तो जड लाकडी कलथा ढवळत राहिलो. काकीनं चिमूटभर लेह्य बोटांत वळून पाहिलं आणि मग उरळी माझ्यापुढे धरली. मी बोट बुडवून चाटलं. तिखट, गोड, घशात ऊब राहणारं. ‘कसं?’ ती म्हणाली. मी मान हलवली. ‘तुझ्या हातचं आहे,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एकादशी. शाळा सुटल्यावर माझा मित्र सुंदरम् मला कापी क्लबात, म्हणजे इडली-कॉफीच्या हॉटेलात, घेऊन गेला. त्याच्या घरी एकादशी नव्हती. भूक होती, वड्याचा वास होता, आणि आदल्या दिवसापासून मी स्वतःला फार शुद्ध समजू लागलो होतो. तीन इडल्या आणि दोन वडे खाल्ले. चटणी आंबली होती, ते कळलं, तरी खाल्ली.

दिवेलागणीला ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले. आई घाबरली. अण्णा अंथरुणाशी येऊन उभे राहिले.

‘काय खाल्लंस?’

‘काही नाही. एकादशी ना.’

‘मग पोटात गेलं काय?’

मी फक्त दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. नखांच्या कडांना सकाळचा बोळ काळा दिसत होता. अण्णांनी तो पाहिला, आईकडे पाहिलं, आणि त्यांना जे समजायचं ते समजलं.

माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं खोटं मी असं शब्दही न बोलता सांगितलं. त्या हातांकडे कुणी जरा नीट पाहिलं असतं तरी ते टिकलं नसतं. दहाही नखं शाबूत होती. बोळ वाळून होता तसाच होता, दाताचा एक ओरखडाही त्यावर नव्हता.

द्वादशीला काकी आली. अण्णा ओट्यावर होते. ती नेहमीप्रमाणे म्हणाली, ‘हात दाखव.’ मी दाखवला. तिनं अंगठ्याचं नख पाहिलं, त्यावरून स्वतःचा अंगठा फिरवला. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. मी भिंतीकडे पाहत होतो.

‘बघितलंत ना पोराची दशा?’ अण्णा ओट्यावरूनच म्हणाले.

‘पाहिली,’ काकी म्हणाली. ‘बोळ जास्त झाला असेल माझ्याकडून. यापुढे लावू नका.’ माझा हात पांघरुणाखाली ठेवून ती निघाली, आणि दारात थांबून आईला म्हणाली, ‘ताकात भिजवून मऊ भात दे. आज पारण्याला तेवढंच.’

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की मरुंदुकाकीच्या औषधानं पोर मरता मरता वाचलं. त्रयोदशीला तिनं नेहमीप्रमाणे घरोघर लेह्याच्या वाट्या पाठवल्या. आईनं आमची परत केली. मग शेजारच्यांनी केली. दुपारी मी खिडकीतून पाहिलं, तिच्या ओट्यावर झाकलेल्या वाट्या रांगेनं ठेवलेल्या होत्या. त्या वर्षी नरकचतुर्दशीला आमच्या गल्लीत पहिल्यांदाच दुकानातलं लेह्य आलं. बाळंतिणींच्या घरून तिला बोलावणं येईना. गुटीसाठी मुलं दुसरीकडे जाऊ लागली. मी रोज ठरवी की आज अण्णांना सांगायचं, आणि रोज पंगतीतली माझी जागा डोळ्यांपुढे येई. बोळ बंद झाला होता, आणि मी नखं खात नव्हतो, म्हणून ती जागा मला नुकतीच मिळाली होती. पुढच्या उन्हाळ्यात काकी उरळी घेऊन मरुदानल्लूरला, बहिणीच्या घरी राहायला गेली.

मी पुढे काय केलं तेही लिहायला हवं. मोठा झाल्यावर मी ही गोष्ट लग्नाच्या पंगतींत रंगवून सांगत असे. बोळ, ओकाऱ्या, आईची धावपळ. लोक पोट धरून हसत. आमच्या घरात अजूनही एखादं औषध कडू लागलं की मुलं विचारतात, ‘मरुंदुकाकीचं आहे का?’ हा विनोद मी चालू केला, मीच चालू ठेवला.

मद्रासला नोकरीवर जाण्याआधी मी एकदा मरुदानल्लूरला गेलो. खरं बोलायचं ठरवूनच गेलो होतो. काकी भजनाला बसणाऱ्यांच्या घशासाठी आल्याचा काढा करत होती. केस पांढरे झाले होते, नजर अधू झाली होती. ‘हात दाखव,’ ती म्हणाली. तिनं नखं डोळ्यांनी नव्हे, अंगठ्यानं पाहिली. मग आल्याचं एक कुडं माझ्या हातात दिलं.

मी सोलू लागलो. वाक्य तयार होतं, वाटेत दहादा म्हणून पाहिलं होतं. साल निघत होती, आणि वाक्य निघत नव्हतं. माझे डोळे भरून आले.

‘झोंबतं?’ काकीनं विचारलं.

बोटं धड होती. झोंबायला नको होतं. ‘हो,’ मी म्हणालो.

‘झोंबू दे,’ ती म्हणाली, आणि दुसरं कुडं पुढे केलं.

त्यानंतर ती फार वर्षं जगली नाही. तिला सगळं ठाऊक होतं, म्हणून तिला सांगण्याचं काही राहिलं नव्हतं, अशी मी माझी समजूत घालत आलो. पण वाट्या परत करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्यांतलं आज कुणी उरलेलं नाही, त्यांची मुलं-नातवंडं आहेत, ती हे वाचतील. त्यांच्यासाठी लिहितो. मी एकादशीला कापी क्लबात खाल्लं होतं आणि त्यानं मी आजारी पडलो. त्या दिवशी बोळाचा एक कणही माझ्या पोटात गेला नव्हता. आणि त्या दिवाळीच्या लेह्याचं आलं मी सोललं होतं, ते मी ढवळलं होतं, पहिलं बोट माझं होतं. ते उत्तम झालं होतं.